आईला बोलणे कळावे म्हणून

गेल्या वर्षी मार्चमध्ये कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील आमच्या घरी मोठा टीव्ही आणि त्यासोबत पाच स्पीकर, एक सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) व एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन तो स्पीकरांना वाटून देणारे यंत्र) असा संपूर्ण संच आला. हा खर्च मी आईसाठी केला होता. आई ७७ वर्षांची आहे. तिने उमेदीच्या काळात केशवराव भोसले नाट्यगृहात असंख्य नाटके पाहिली. गुडघे दुखू लागल्यापासून तिचे तिकडे जाणे बंद झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा ती दोन दिवस नीट जेवलीही नाही. नाटकांची चित्रमुद्रणे आणि जुने मराठी चित्रपट तिला घरी बसून पाहता यावेत, एवढीच माझी इच्छा होती. टीव्हीच्या अंगच्या स्पीकरांवर तिला शब्द लागत नव्हते आणि आवाज वाढवला की शब्दांऐवजी नुसता गोंगाट वाढत होता.

दुकानातून आलेल्या दोघा कारागिरांनी तासाभरात सगळे बसवून दिले. चार स्पीकर खोलीच्या चार कोपऱ्यांत छताला टेकवून, मधला स्पीकर शोकेसच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, सबवूफर सोफ्यामागच्या कोपऱ्यात आणि रिसीव्हर काचेचे दार असलेल्या बंद कप्प्यात, अशी त्यांची मांडणी होती. दिसायला खोली नीटनेटकी दिसत होती. त्यांनी एक प्रात्यक्षिक लावून दाखवले, भिंती हादरल्या आणि सर्वांना समाधान वाटले. रात्री मी आईसाठी एका नाटकाचे चित्रमुद्रण लावले. पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, ‘‘आवाज लई हाय रं, पण कोन काय बोलतंय त्येच कळंना.’’

मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने बनवणाऱ्या विभागात, काम करतो. ओतीव सुटा भाग बिघडला, तर आधी साच्याचे माप पुन्हा घ्यायचे, अशी आमच्या कामाची शिस्त आहे. आईच्या त्या एका वाक्याचे कारण शोधताना मी हीच शिस्त पाळली आणि पुढच्या जवळजवळ तीन महिन्यांच्या सुट्या त्यात घातल्या. संच चांगलाच होता. त्याच्यात कोणताही दोष निघाला नाही. जे काही चुकले होते ते खोलीत, मांडणीत आणि जोडणीत चुकले होते.

५.१ या आकड्याचा अर्थ आधी समजून घ्यावा लागला. ५ म्हणजे समोरचे डावा, मधला आणि उजवा, तसेच बाजूंचे दोन सराउंड, असे पाच स्वतंत्र ध्वनिमार्ग. उरलेला .१ हा केवळ १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जासाठी असतो आणि म्हणूनच तो पूर्ण एक धरला जात नाही. चित्रपटातील बहुतेक सर्व संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. चित्रपटगृहात हा स्पीकर पडद्याच्या मागे असतो. पडद्याला बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून आवाज पुढे येतो, त्यामुळे बोलणाऱ्याच्या तोंडूनच शब्द निघाल्यासारखे वाटते. आमच्याकडे हा स्पीकर जमिनीपासून सहा इंचांवर होता आणि त्याच्या पुढे चहाचे टेबल होते. आईची तक्रार म्हणजे या एका स्पीकरचीच तक्रार आहे, असे मी गृहीत धरले. ते गृहीतक अर्धेच खरे निघाले.

पहिला मोठा दोष सापडला तो रिसीव्हरच्या दर्शनी पाटीवर (डिस्प्लेवर). कोणताही कार्यक्रम लावला, तरी त्यावर ‘मल्टी चॅनल स्टिरिओ’ अशीच अक्षरे येत होती. कारागिरांनी पाचही स्पीकर वाजत असल्याचे दाखवण्यासाठी ही पद्धत निवडली होती आणि तशीच ठेवून ते निघून गेले होते. या पद्धतीत डाव्या-उजव्या मार्गांचा तोच आवाज पाचही स्पीकरांतून बाहेर पडतो. म्हणजे नाटकातील पात्राचे एकच वाक्य आईला समोरून, बाजूंनी आणि पाठीमागून, थोड्या थोड्या अंतराने पाच वेळा ऐकू येत होते. मूळ कार्यक्रम ५.१ मध्ये असला, तरी टीव्हीतून आवाज बाहेर पाठवण्याची निवड ‘पीसीएम’ (टीव्हीनेच आवाज उलगडून पाठवणे) अशी असल्यामुळे टीव्ही त्याचे दोनच मार्ग करून पुढे पाठवत होता. मी ती निवड बदलून ‘पास थ्रू’ (आवाज जसाच्या तसा पुढे पाठवणे) केली आणि एचडीएमआयची केबल टीव्हीच्या ‘ईएआरसी’ असे लिहिलेल्या खोबणीत आहे ना, तेही पाहिले. कारण टीव्हीकडून रिसीव्हरकडे आवाज उलटा आणण्याचे काम तीच एक खोबण करते. त्यानंतर प्रथमच पाटीवर ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ हे शब्द उमटले. ज्यांच्या घरी असा संच आहे, त्यांनी इतर काहीही करण्याआधी ही पाटी वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन.

येथे ‘डॉल्बी’ या शब्दाबद्दल सांगणे आवश्यक आहे. आमच्या कोल्हापुरात डॉल्बी म्हणजे मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरांची भिंत. गणेशोत्सव जवळ आला की ‘डॉल्बी नको’ अशी आवाहने सुरू होतात आणि त्यांमागे छातीत धडधड होणाऱ्या वृद्धांचा खरा त्रास असतो. त्यामुळे मी घरी ‘डॉल्बी’ हा शब्द उच्चारताच एका भिंतीच्या पलीकडे राहणाऱ्या काकू काळजीने विचारायला आल्या. चित्रपटाचा आवाज मुद्रित करून तो ठराविक मार्गांनी पोहोचवण्याच्या तंत्राचे हे नाव आहे आणि त्याचा आवाजाच्या मोठेपणाशी संबंध नाही, हे मी त्यांना बसवून, ऐकवून समजावले. त्यांनी ते मानले. पण भिंतीतून जाणाऱ्या खर्जाचे काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर मला नंतर द्यावे लागले.

मग मी टेप घेतली. खोली १६ फूट लांब, ११ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. टीव्ही ११ फुटांच्या भिंतीवर आहे आणि सोफा समोरच्या भिंतीला चिकटलेला होता. समोरचे डावा व उजवा स्पीकर ऐकणाऱ्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर असावेत आणि सराउंड ९० ते ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या बरोबरीने किंवा किंचित मागे असावेत, असे डॉल्बीचे ५.१ साठीचे मार्गदर्शन आहे. छताला लावलेल्या आमच्या स्पीकरांतून येणारा आवाज डोक्यावरून येत होता आणि पडद्यावरचा माणूस समोर बोलत होता. डोळा आणि कान यांचा मेळ कुठेच बसत नव्हता.

सोफा मी चार फूट पुढे घेतला. आईचे डोके आता टीव्हीच्या भिंतीपासून साडेदहा फुटांवर येते. समोरचे स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे, एकमेकांपासून आठ फूट अंतरावर ठेवले. गणिताने हा कोन प्रत्येक बाजूला २४ अंश येतो. तीस अंशांचा हट्ट धरला असता, तर स्पीकर बाजूच्या भिंतींना अगदी टेकले असते. मधला स्पीकर शोकेसच्या वरच्या फळीवर, फळीच्या कडेपर्यंत पुढे आणून आणि खाली लाकडी पाचर देऊन आईच्या चेहऱ्याकडे कलता केला. फळीवर तो मागे सरकवून ठेवला, तर फळीवरूनच परावर्तित होणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो. पाचर मी पॅटर्न शॉपमध्ये शिल्लक राहिलेल्या सागवानी तुकड्याची केली. तिचा कोन ठरवण्यासाठी सोफ्यावर आईच्या कानाच्या उंचीवर एक सुई रोवलेली काठी उभी केली आणि स्पीकरच्या माथ्यावर पट्टी ठेवून त्या सुईकडे नेम धरला.

सराउंडसाठी उभे स्टँड हवे होते. बाजारात मिळणारे स्टँड हलके असतात आणि सोफ्याजवळून कुणी गेले तरी डुलतात. शिवाजी उद्यमनगरातील एका फॅब्रिकेटरकडून मी तीन इंची चौकोनी पोलादी पाइपचे, सव्वातीन फूट उंचीचे दोन स्टँड करून घेतले आणि त्यांच्या पोकळीत आमच्या फौंड्रीच्या कोअर शॉपमधली (साच्याचे आतले वाळूचे गाभे बनवणाऱ्या विभागातली) कोरडी सिलिका वाळू भरली. एका स्टँडमध्ये सुमारे सात किलो वाळू मावली. रिकाम्या पाइपवर बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा नाद निघत होता. वाळू भरल्यावर तीच टिचकी दगडावर मारल्यासारखी बद्द वाजू लागली. पाइपचा हा स्वतःचा नाद स्पीकरच्या आवाजात मिसळू नये, हाच वाळूचा उपयोग. स्पीकर कानापेक्षा साधारण फूटभर उंच ठेवले, कारण सोफ्यावर तिघे शेजारी बसले की कडेच्या माणसाचे डोके मधल्या माणसाच्या आड येते.

सोफा पुढे आल्याने त्याच्या मागे रिकामी जागा झाली आणि ती आईला खटकली. ‘‘पावनं आलं तर खोली अशी कापल्यावानी दिसंल,’’ असे ती म्हणाली. मी तिला सोफा पुन्हा मागे नेऊन तोच प्रसंग ऐकवला आणि मग पुढे आणून ऐकवला. मागच्या भिंतीपाशी खर्ज साचतो, कारण खोलीतल्या सर्व उभ्या लहरींचा (भिंतींमध्ये अडकून जागच्या जागी घुमणाऱ्या लहरींचा) दाब भिंतीपाशीच सर्वाधिक असतो, हे शास्त्र तिला सांगण्याची गरजच पडली नाही. आता त्या मागच्या जागेत पुस्तकांचे कपाट आले आहे आणि त्याने खोलीलाही मदत केली आहे.

तारांच्या बाबतीत माझी खरी चूक झाली. संचासोबत आलेली तार बारीक आहे, हे दिसत असूनही मी सुरुवातीला तिकडे दुर्लक्ष केले. रिसीव्हरपासून लांबच्या सराउंडपर्यंत तार सुमारे १२ मीटर जाते आणि तेवढीच परत येते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा २४ मीटरचा रोध ०.९ ओहमच्या आसपास येतो. ६ ओहमच्या स्पीकरपुढे हा १५ टक्के झाला, तर तो साधारण ५ टक्क्यांच्या आत असावा असा संकेत आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेने तो ०.२ ओहमच्या खाली आला. त्यासाठी महागडी ‘ऑडिओ’ तार लागत नाही; विजेच्या दुकानात मिळणारी शुद्ध तांब्याची दुपदरी लवचीक तार पुरते. फक्त ती तांब्याचीच आहे आणि ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा नाही, हे चाकूने खरवडून पाहावे.

जुनी तार काढताना माळ्यावर एक सांधा सापडला. डाव्या स्पीकरची तार अपुरी पडल्याने कारागिरांनी तेथे दुसरा तुकडा जोडला होता आणि त्यात धन-ऋण टोके उलटी झाली होती. याआधी दोन मार्गांतले नाट्यसंगीत ऐकताना गायकाचा आवाज समोर मधोमध न येता खोलीभर विखुरल्यासारखा आणि पोकळ वाटे, त्याचे कारण हेच होते. डाव्या स्पीकरचा पडदा पुढे सरकत असताना उजव्याचा मागे जात होता आणि दोघे एकमेकांचा खर्ज खोडत होते. हा दोष तपासण्याची जुनी पद्धत सोपी आहे. स्पीकरची तार रिसीव्हरपासून सोडवावी आणि तिच्या टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. धन टोक लाल खिळीला लागले की वूफरचा पडदा बाहेर येतो. आत गेला तर जोडणी उलटी आहे. पाचही स्पीकर मी असे तपासले आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना लाल धागा बांधून ठेवला.

खोलीचे काम सर्वांत अधिक वेळ घेणारे ठरले आणि मला त्यातच सर्वाधिक शिकायला मिळाले. आमच्या घराच्या भिंती विटांच्या आणि सिमेंटच्या गिलाव्याच्या, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. खोलीच्या मध्ये उभे राहून टाळी वाजवली की पाठोपाठ थरथरता प्रतिध्वनी येई. दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा उडत राहिला की असे होते. वयानुसार ऐकणे मंदावते, तेव्हा आधी उंच पट्टीचे ध्वनी कमी होतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ ही व्यंजने त्या पट्टीत असतात आणि शब्दाची ओळख त्यांच्यावरच पटते. स्वर मात्र खालच्या पट्टीत असल्याने ऐकू येत राहतात. आईला ‘आवाज लई हाय’ असे वाटत होते आणि तरीही बोलणे कळत नव्हते, याचा उलगडा मला येथे झाला. तिच्या कानांत पोहोचणारी थोडीशी व्यंजनेही खोलीचा प्रतिध्वनी पुसून टाकत होता.

भिंतीवरून पहिले परावर्तन कोठून होते, हे शोधण्यासाठी आरशाचा उपयोग होतो. मी आईच्या जागी बसलो आणि माझ्या मुलीने बाजूच्या भिंतीवर आरसा सपाट धरून हळूहळू पुढे नेला. आरशात ज्या जागी मला समोरचा स्पीकर दिसला, तेथे खडूने खूण केली. दोन्ही भिंतींवर अशा खुणा झाल्यावर तेथे मी घोंगडी लावली. आमच्या भागात धनगरी घोंगडी सहज मिळते, ती दाट लोकरीची असते आणि लोकर आवाज शोषते. मात्र कापड भिंतीला चिकटवून लावले, तर ते केवळ अतिउंच पट्टीच शोषते. म्हणून लाकडी चौकटीवर दुहेरी घोंगडी ताणून ती चौकट भिंतीपासून चार इंच पुढे बसवली. ध्वनिलहरीतील कणांची हालचाल भिंतीपासून पाव लहर दूर सर्वाधिक असते, आणि चार इंच ही सुमारे ८५० हर्ट्झची पाव लहर आहे. त्यामुळे शोषण तेवढे खालच्या पट्टीपर्यंत उतरते. फरशीवर जाड सतरंजी आली, खिडकीला दुपदरी पडदे आले. टाळीचा थरथराट गेला. त्या संध्याकाळी आईने कोणतीही सूचना नसताना आवाज दोन घरे कमी केला. सगळ्या कामात मला सर्वांत मोलाची वाटलेली पोचपावती हीच.

काळ्या-पांढऱ्या घोंगड्या भिंतीवर शोभतातही, पण ते येथे दुय्यम आहे.

सबवूफर कोठे ठेवावा, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. १६ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ३५ हर्ट्झची उभी लहर तयार होते आणि तिच्या दुपटीला, ७० हर्ट्झला, दुसरी. ११ फुटांच्या रुंदीमुळे ५१ आणि १० फुटांच्या उंचीमुळे ५६ हर्ट्झच्या लहरी उठतात. त्यामुळे काही जागी एखादा खर्ज स्वर दुप्पट घुमतो आणि चार फुटांवर तो जवळजवळ नाहीसा होतो. कोपऱ्यातला सबवूफर या सर्व लहरींना एकदम जागे करतो. योग्य जागा शोधण्याची रीत उलटी आहे. सबवूफर उचलून आईच्या बसण्याच्या जागी सोफ्यावर ठेवला, त्यावर चढत-उतरत जाणारा खर्जाचा सूर लावला आणि मी भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत, कान सबवूफरच्या उंचीला ठेवून ऐकत गेलो. जेथे सगळे सूर सर्वांत सारखे वाटले, तेथे सबवूफर ठेवायचा. ध्वनीची वाट दोन्ही दिशांनी सारखीच असल्याने हे जमते. आमची जागा टीव्हीच्या भिंतीला, डाव्या कोपऱ्यापासून तीन फुटांवर निघाली.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर येथे दिले. सबवूफरचे पाय फरशीवर थेट टेकले, की कंप फरशीतून आणि भिंतीतून पलीकडे जातो. मी खाली जाड रबरी पट्टे, त्यावर कडप्प्याची लादी आणि त्यावर सबवूफर अशी रचना केली. हवेतून जाणारा खर्ज यानेही थांबत नाही, म्हणून त्याची पातळी मी काकूंच्या घरात बसून, मुलीला फोनवर सांगत ठरवली. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. रात्री दहानंतर आमच्याकडे सबवूफर बंदच असतो.

यानंतर स्वयंचलित मोजणी. रिसीव्हरसोबत आलेला लहान मायक्रोफोन कॅमेऱ्याच्या तिपाईवर, आईच्या कानाच्या उंचीला लावला. पंखा बंद, फ्रिज बंद, दारे बंद, सगळे खोलीबाहेर. यंत्र प्रत्येक स्पीकरमधून सूर सोडून त्याचे अंतर आणि पातळी मोजते. अंतर मोजायचे कारण असे की, आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे एका मिलिसेकंदाला फूटभरापेक्षा थोडा जास्त जातो. आमचे समोरचे स्पीकर आईपासून जवळजवळ दहा फुटांवर आणि सराउंड सव्वापाच फुटांवर आहेत. यंत्राने सराउंडचा आवाज चार मिलिसेकंद रोखून धरला, म्हणजे तो समोरच्या आवाजाबरोबर पोहोचतो. सबवूफरचे अंतर मात्र टेपने दहा फूट आणि यंत्राने तेरा फूट दाखवले. मी ते चूक समजून दुरुस्त करणार होतो, पण सबवूफरच्या आतील, उंच स्वर अडवणाऱ्या गाळणीमुळे आवाज निघायला उशीर होतो आणि यंत्र तो उशीर अंतर म्हणून धरते, असे समजल्यावर ते तसेच ठेवले.

यंत्राचा दुसरा निर्णय मात्र मी बदलला. त्याने समोरचे लहान स्पीकर ‘लार्ज’ ठरवले होते, म्हणजे पूर्ण खर्जही त्यांच्यावरच टाकला होता. मी सर्व स्पीकर ‘स्मॉल’ केले आणि क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज सबवूफरकडे वळवण्याची सीमा, ८० हर्ट्झवर ठेवला. त्याखालचे काम सबवूफरचे. लहान वूफरला खर्जासाठी दूरवर पुढे-मागे जावे लागले नाही, की त्याच वेळी निघणारे बोलणे अधिक निवळ येते. शेवटी चाचणीचा सळसळता आवाज लावून फोनमधल्या मापकाने पाचही स्पीकर ७५ डेसिबलच्या आसपास सारखे आहेत ना, हे पडताळले. फोनचा आकडा अचूक नसला, तरी पाच स्पीकरांमधला फरक तो विश्वासाने दाखवतो. मग मधला स्पीकर मुद्दाम ३ डेसिबल वाढवला. शास्त्रशुद्ध समतोल तेथे बिघडतो, हे मला माहीत आहे. पण हा संच आईसाठी आहे.

एप्रिलच्या अखेरीस एक नवाच त्रास उद्भवला. सगळे शांत असताना स्पीकरांतून बारीक घुं घुं ऐकू येऊ लागली. एकेक तार काढत गेलो. केबलच्या सेट टॉप बॉक्सची गोल तार काढताच घुं घुं थांबली. केबलची तार बाहेर वेगळ्या जागी भूमीला जोडलेली असते आणि आपला रिसीव्हर घराच्या अर्थिंगला. दोन्हींमधल्या फरकामुळे ५० हर्ट्झचा प्रवाह तारांच्या आवरणातून फिरतो. केबलच्या वाटेत विलगक (हा प्रवाह तोडणारा आयसोलेटर) बसवल्यावर ती कायमची गेली. अशा वेळी काही जण प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. तो मार्ग जिवावर बेतणारा आहे. कुणीही तसे करू नये. वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले, की मी विजेचा प्लग आणि केबलची तार, दोन्ही काढून ठेवतो.

रिसीव्हरही बंद कप्प्यातून बाहेर काढला. त्याच्या माथ्यावर हात ठेववत नव्हता इतका तो तापत होता. आता त्याच्या वर सहा इंच मोकळी जागा आहे. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, आठवडे आठवडे ऊन पडत नाही, तेव्हा तो दर दोन दिवसांनी तासभर तरी चालू ठेवतो, म्हणजे आतली ओल सुकते.

संच बसवणे जितके महत्त्वाचे, तितकेच आईला तो स्वतः चालवता येणे. तीन रिमोट होते; टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींत सीईसी (एचडीएमआय केबलमधून एका यंत्राने दुसऱ्याला चालवण्याची सोय) सुरू केल्यावर एकाच रिमोटवर दोन्ही सुरू होतात आणि आवाजही त्याच्यावरच कमी-जास्त होतो. दैनंदिन मालिका दोनच मार्गांत येतात. त्यांच्यासाठी ‘डॉल्बी सराउंड’ ही पद्धत कायम लावून ठेवली आहे. ती डाव्या-उजव्या मार्गांत जे समान आहे ते मधल्या स्पीकरला देते, आणि बोलणे बहुधा दोन्हीकडे समानच असते. आईचे आवडते जुने चित्रपट तर एकाच मार्गाचे. कोल्हापुरात १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि पुढे येथेच बोलपट तयार झाले, त्या काळात सगळा आवाज एकाच वाटेने येई. तसा चित्रपट लावला, की पाचांतला फक्त मधला स्पीकर बोलतो आणि बाकी गप्प राहतात. पाहुण्यांना वाटते, काहीतरी बिघडले. आई त्यांना सांगते, ‘‘बिगडलं न्हाई, त्यो पिक्चरच तसा हाय.’’

सेट टॉप बॉक्सवर बातम्या पाहताना ओठ आधी हलतात की शब्द आधी येतो, हेही एकदा निवांत पाहावे. आमच्याकडे बॉक्स रिसीव्हरमधून टीव्हीला जातो, टीव्ही चित्रावर संस्कार करण्यात वेळ घेतो आणि शब्द पुढे धावत होते. ‘लिप सिंक’मध्ये ८० मिलिसेकंद दिल्यावर जुळले. रात्रीसाठी ध्वनीतला चढ-उतार कमी करणारी ‘नाइट’ सोय लावतो. स्फोट आणि कुजबुज यांतले अंतर कमी होते आणि कमी आवाजातही कुजबुज हरवत नाही.

सगळ्या मापांची आणि निवडींची नोंद एका कागदावर शोकेसच्या दारामागे चिकटवली आहे, कारण वीज वारंवार गेली तेव्हा एकदा रिसीव्हर मूळ स्थितीला गेला होता आणि सगळे पुन्हा भरावे लागले होते. आता एकच काम उरले आहे. सोफ्याच्या उजव्या टोकाला, जेथे माझा भाऊ बसतो, तेथे ५० हर्ट्झच्या जवळचा सूर अजूनही घुमतो. मधल्या जागी तो नाही. खोलीच्या रुंदीची ती लहर आहे. दिवाळीनंतर तसाच दुसरा सबवूफर त्याच भिंतीला उजव्या कोपऱ्यापासून तीन फुटांवर ठेवून ती दोन्हीकडून दाबता येते का, हे मी पाहणार आहे. तोवर भावाने आईच्या शेजारी, मधे बसावे, असे ठरले आहे.